विषय: व्हॅनचा निळा धूर आणि इंजिन बदलण्याचा प्रस्ताव

प्रेषक: कार्यवाह

सस्नेह नमस्कार. आपल्या संस्थेच्या व्हॅनमधून निळा धूर येतो, म्हणजे इंजिनात तेल जळत आहे. स्मॉग चेक (गाडीच्या धुराची सरकारी तपासणी) उत्तीर्ण झाल्याखेरीज व्हॅनच्या नोंदणीचे नूतनीकरण होणार नाही, आणि कॅलिफोर्नियात त्या तपासणीत डोळ्यांना दिसणारा धूरही पाहिला जातो. गॅरेजवाल्याने रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) गेल्याचे सांगून इंजिनच बदलण्याचा सल्ला दिला आहे. कार्यकारिणीच्या सदस्यांनी शुक्रवारपर्यंत होकार वा नकार कळवावा. पाडव्याच्या वेळचा मखराचा वाद या पत्रव्यवहारात आणू नये, ही विनंती.

प्रेषक: नाना

कार्यवाह महोदय, होकार किंवा नकार देण्याइतकी माहितीच आपण दिलेली नाही. रिंगा गेल्या हे कशावरून ठरले? धूर नेमका केव्हा येतो? रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताच निळा लोट येऊन थोड्या वेळात विरत असेल, तर व्हॉल्व्हचे सील कडक होऊन तेल खाली झिरपत असावे, असा संशय आधी घ्यावा. जोर देताना धूर सतत येत असेल तर रिंगांकडे वळावे. धूर पांढरा व गोडसर वासाचा असून कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर तो प्रश्न तेलाचा नव्हेच, हेड पॅकिंगचा, म्हणजे सिलिंडरांच्या माथ्याच्या जोडाचा आहे. या सर्वांच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या खालच्या भागातील, म्हणजे क्रँककेसमधील, वाफा परत आत सोडणारी झडप) काढून पाहावा, कारण तो बिघडला की त्या वाफांबरोबर तेलही इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या मार्गात, ओढले जाते आणि लक्षणे थेट रिंगा गेल्यासारखी दिसतात. एवढ्याशा स्वस्त भागाची विचारपूस न करता इंजिन उतरवायचे म्हणजे आजारापेक्षा उपचार भयंकर.

प्रेषक: नाट्य विभाग

नानांनी विचारले म्हणून लिहिते. लॉस एंजेलिसचा प्रयोग आटोपून परतताना आमची गाडी व्हॅनच्या मागेच होती. कॅस्टेइकनंतरच्या चढावर धुराचे नावही नव्हते. ग्रेपव्हाइनचा लांबलचक उतार व्हॅन खालच्या गिअरमध्ये उतरली आणि पायथ्याशी सपाटीला लागून ॲक्सिलरेटर दाबला जाताच निळसर धुराचा असा झोत आला की तिचे मागचे दिवे काही क्षण दिसेनासे झाले. व्हॅन आमच्या विभागाकडे असते म्हणून तिची वाट आम्हीच लावली, असा सूर गेल्या सभेत लागला होता. परंतु वाचनालयाची खोकी आमच्या नेपथ्यापेक्षा जड असतात, याची नोंद घ्यावी.

प्रेषक: कोषाध्यक्ष

पुस्तकांच्या वजनाने इंजिन तेल पिऊ लागत नाही, तेव्हा वाचनालयाला यात ओढू नये. माझी अडचण निराळी आहे. तेलाच्या पावत्या माझ्याकडे आहेत, पण त्यांपैकी एकीवरही तेव्हाचे मैल लिहिलेले नाहीत. हजार ते बाराशे मैलांना एक क्वार्ट, म्हणजे लिटरहून थोडे कमी, इतका खप अनेक उत्पादक चालण्यासारखा मानतात. आपला खप त्याहून कमी आहे की तिप्पट, हे आज कोणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. “दिवा लागला नव्हता, म्हणून तेल पाहिले नाही” हा व्हॅन वापरणाऱ्यांचा खुलासा तर मी स्वीकारूच शकत नाही. तो लाल दिवा तेलाच्या दाबाचा आहे, पातळीचा नव्हे, आणि तो लागेपर्यंत वाट पाहणे म्हणजे बेअरिंगांवर पाणी सोडणे होय.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

कोषाध्यक्षांचे पत्र वाचून हसू आले. पुण्यात आम्ही चेतकच्या पेट्रोलमध्ये स्वतःच्या हाताने टू-टी तेल ओतून वर्षानुवर्षे निळा धूर सोडला, आणि त्या स्कूटरने कधी दगा दिला नाही. थोडे जाड तेल घालावे आणि गाडी वापरत राहावे, असे माझे मत आहे.

प्रेषक: नाना

दादासाहेब, चेतक टू-स्ट्रोक होती. तिच्या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळे आणि ते जळणार हे गृहीतच होते. इथे जळणाऱ्या तेलातील फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर (धूर शुद्ध करणाऱ्या भागावर) बसून तो हळूहळू निकामी करतो, म्हणजे आज धूर लपवला तरी उद्याच्या स्मॉग चेकमध्ये तोच खर्च दुसऱ्या दाराने येईल. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असल्यास एक पायरी जाड तेलाने खप थोडा उतरू शकेल, परंतु त्याने निदान होत नाही.

नाट्य विभागाच्या वहिनींनी सांगितलेली खूण फार मोलाची आहे. उतारावर थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो, तो व्हॉल्व्हच्या गाइडमधून आणि रिंगांच्या कडेने तेल वर ओढतो, आणि पुन्हा जोर देताच ते साचलेले तेल एकदम जळते. म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह ठीक निघाला तर संशयित दोन उरतात, सील आणि तेल खरवडणाऱ्या रिंगा.

काल मी गॅरेजवाल्याशी बोललो. त्याने पुढच्या तीनच सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) घेतले; मागचे तीन फायरवॉलला (इंजिन व केबिन यांमधील भिंतीला) चिकटून असल्याने आणि तिथे पोहोचायला हवा आत नेणारा वरचा मॅनिफोल्ड उतरवावा लागत असल्याने ते तसेच सोडले. पुढचे तिन्ही प्लग कोरडे आणि तपकिरी निघाले, कॉम्प्रेशनही समसमान आले, असे तोच म्हणतो. मग रिंगा गेल्या त्या कुठल्या? शिवाय आपल्या व्हॅनमध्ये एकसारख्या वेगाने, फारसा जोर न देता जाताना सिलिंडरांची मागची रांग बंद ठेवणारी यंत्रणा आहे (डॅशबोर्डावर हिरवा ‘इको’ दिवा लागतो तीच), आणि अशा इंजिनांत बंद राहणाऱ्या सिलिंडरांत तेल शिरून प्लग काळे ओले होण्याची तक्रार जुनी आहे. खरा पुरावा मागे आहे आणि तपासणी पुढे झाली.

मागचे कॉम्प्रेशन चांगले आले तरी रिंगा निर्दोष ठरत नाहीत, हेही आधीच लिहून ठेवतो. दाब धरतात त्या वरच्या दोन रिंगा. तेल खरवडणारी तिसरी काजळीने आपल्या खाचेत चिकटली, तरी दाबाचा आकडा उत्तम येतो आणि तेल जातच राहते. दाब कमी आल्यास सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंगा, न वाढल्यास व्हॉल्व्ह. दोन्हींतून निकाल लागला नाही, तर प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहावा. कडेने काजळी धुतली जाऊन ओलसर चकचकीत पट्टा दिसला, तर तेल खालून येत आहे.

प्रेषक: कार्यवाह

मतदान स्थगित करीत आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि मागचे तीन सिलिंडर तपासण्याच्या मजुरीस कोषाध्यक्षांनी मान्यता द्यावी. तोपर्यंत व्हॅन वापरणाऱ्याने सपाट जागी इंजिन बंद करून थोडा वेळ थांबून डिपस्टिक पाहावी आणि पातळी, घातलेले तेल व मैल लिहून ठेवावेत.

प्रेषक: कोषाध्यक्ष

मजुरीस मान्यता आहे. मात्र अंदाजपत्रक लेखी हवे आणि मागचे जुने प्लग गॅरेजने फेकून न देता सिलिंडरांचे क्रमांक घालून परत करावेत. नोंदवही माझ्याकडे राहील.

प्रेषक: नाट्य विभाग

नोंदवही चालकाच्या दाराच्या कप्प्यात राहील, कारण कोषाध्यक्षांच्या घरी जाऊन कोणी डिपस्टिकची पातळी लिहिणार नाही. चावी पूर्वीप्रमाणे आमच्याकडेच असेल.