माइनक्राफ्टमध्ये बहिणाबाईंचा पुतळा: चेहरा आणि निऱ्या कशा साधाव्यात?

तापीकाठ (भुसावळ)
नमस्कार मंडळी. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचा पुतळा माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकांनी) बांधकाम करायच्या व्हिडिओ गेममध्ये उभारायचे आम्ही काही मित्रांनी ठरवले आहे. खेळाची आवृत्ती जावा, मोड क्रिएटिव्ह (ब्लॉक हवे तेवढे मिळतात), सोबत मोठे बांधकाम आदेश देऊन करता येणारे वर्ल्डएडिट हे साधन. आराखड्यात त्या नऊवारी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन उभ्या आहेत आणि उंची साधारण ६० ब्लॉक धरली आहे. धडापर्यंतचे काम जमते. चेहऱ्याचे मात्र काही केल्या जमत नाही. डोळ्याच्या जागी काळा ब्लॉक ठेवला की बाहुली दिसते, काढला की मडके. पुतळा आपल्याकडच्या काळ्या दगडातला वाटावा म्हणून सगळे काम ब्लॅकस्टोन या काळ्या ब्लॉकमध्ये चालू आहे, पण त्यात निऱ्या उठून दिसत नाहीत. उंची वाढवावी, की दगड बदलावा?

छिन्नी-हातोडा (धुळे)
भाऊ, दोन्ही बदलावे लागेल. आधी उंची ठरवून मग तिच्यात चेहरा बसवू गेलात तर असेच होणार. हिशेब डोळ्यापासून सुरू करावा. माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, त्यामुळे ६० ब्लॉकांच्या उभ्या पुतळ्यात डोक्याला ८ ब्लॉक मिळतात, आणि डोक्याची रुंदी पाच डोळ्यांइतकी हा चित्रकलेतला जुना ठोकताळा लावला, तर एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम एकच ब्लॉक येतो. त्यात पापणी, बुबुळ आणि पांढरा भाग मावणार कसा? डोळा खरोखर कोरायचा असेल तर तो निदान ५ ब्लॉक रुंद हवा. मग डोके २५ रुंद, ३५ उंच आणि उभी मूर्ती २६० च्या पुढे. खेळाच्या १.१८ आवृत्तीपासून बांधकाम ३१९ या पातळीपर्यंत करता येते आणि समुद्रसपाटी ६३ च्या आसपास असते, म्हणजे हाताशी अडीचशेहून थोडेच अधिक ब्लॉक उरतात. उभ्या बहिणाबाई तेवढ्यात मावत नाहीत.

तेव्हा त्यांना जात्यावर बसवा. जमिनीवर बसलेल्या माणसाची उंची उभ्याच्या निम्म्याच्या आसपास येते. १४० ब्लॉकांत काम भागते आणि डोळा पाचाचाच राहतो. दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. उंच पुतळा पाहणारा पायथ्याशी उभा असतो, त्यामुळे समोर पाहणाऱ्या मूर्तीची त्याला हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. दळणाऱ्या बाईची मान खाली झुकलेली असल्याने चेहरा आपसूक त्याच्याकडे येतो.

दगडाचे म्हणाल, तर खेळ कोपऱ्याकोपऱ्यांत स्वतःच सौम्य सावली टाकतो आणि ती काळ्या ब्लॉकवर विरून जाते. अंगाला टफ आणि अँडेसाइट हे राखाडी ब्लॉक, घडीच्या आत डीपस्लेट किंवा स्मूथ बेसाल्ट हे गडद ब्लॉक वापरा. साधा बेसाल्ट चेहऱ्याला नको, त्याच्या बाजूंवर उभ्या रेघा असतात.

केळीबाग (रावेर)
हिशेब मान्य आहे, पण एवढी मोठी मूर्ती हवीच कशाला? जावा सर्व्हरचे व्ह्यू डिस्टन्स (जग किती लांबपर्यंत दिसते ते अंतर) मुळात १० चंक, म्हणजे १६० ब्लॉक असते. १४० ब्लॉकांची मूर्ती पूर्ण नजरेत घ्यायला जेवढे मागे जावे लागते, तेवढ्यात ती धुक्यात जाते. मी बसलेली मूर्ती ७० ब्लॉकांची करीन. तिच्यात डोळ्याला अडीच ब्लॉक येतात, म्हणून डोळा कोरणारच नाही: भुवईचा कंगोरा एक ब्लॉक पुढे, त्याखाली दोन ब्लॉक आत खोबण, आणि खोबणीत पापणी म्हणून स्लॅबची (अर्ध्या उंचीच्या ब्लॉकची) एक ओळ. दळताना नजर खालीच असते, त्यामुळे अर्धी मिटलेली पापणी खटकणार नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे ७ मीटर लांब आहे. तिचे मिटलेले डोळे जवळून पाहून या. सोमवारी मात्र लेणी बंद असतात.

काठपदर (अमळनेर)
आपण दोघेही चेहऱ्यातच अडकलात. माझ्या मते आकार हाताने ठरवावा. जात्याचा खुंटा धरलेली मूठ हा या मूर्तीचा चेहऱ्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. १४० च्या मूर्तीत मूठ साधारण १३ ब्लॉक रुंद येते आणि प्रत्येक बोटाला तीन ब्लॉक मिळतात. ७० च्या मूर्तीत बोटे वेगळी काढताच येणार नाहीत, नुसता गोळा दिसेल. त्यामुळे माझे मत मोठ्या मूर्तीला आहे. सर्व्हर स्वतःचा असेल तर व्ह्यू डिस्टन्स वाढवता येते, बोटे वाढवता येत नाहीत.

आता नऊवारीविषयी. एक पाय पसरलेला आणि दुसरा दुमडलेला अशी बैठक घेतली, तर दुमडलेल्या गुडघ्यावर लुगडे ताणले जाते, म्हणून तिथे एकही घडी काढू नका. घड्या मांडीच्या मुळाशी आणि गुडघ्यामागे गोळा होतात. घडीचा उंचवटा पूर्ण ब्लॉकचा, उतार पायरीच्या ब्लॉकचा, तळ गडद, आणि दोन घड्यांमधले अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावे; सारख्या अंतराने काढलेल्या निऱ्या पत्र्याच्या पन्हाळीसारख्या दिसतात. पदर डोक्याला चिकटवू नका. कानशिलापाशी दोन ब्लॉकांची पोकळी सोडली की आत अंधार राहतो आणि चेहरा पुढे येतो. एका हाताने जाते ओढताना खांदे तिरपे होतात, त्यामुळे वर्ल्डएडिटचा फ्लिप (एका बाजूची आरशातल्यासारखी उलट नक्कल) केवळ चेहऱ्यापुरता वापरावा.

तापीकाठ (भुसावळ)
सर्वांचे मनापासून आभार. बैठी मूर्ती नक्की केली आहे. आधी सपाट जगात फक्त डोके आणि मूठ १४० च्या मापाने करून पाहतो. जात्याचा व्यास किती धरावा?

छिन्नी-हातोडा (धुळे)
घरातले जाते दीड फुटाच्या आसपास असते, म्हणजे डोक्याच्या उंचीच्या दुप्पट. ७० ब्लॉक धरा. वर्ल्डएडिटच्या सिलिंडरच्या आदेशात त्रिज्या ३५ द्या. वरची तळी वेगळी करा आणि दोन तळ्यांमध्ये एका ब्लॉकची गडद फट ठेवा. खुंटा कडेजवळ घ्या, नाहीतर हात जात्याच्या मध्यापर्यंत ताणावा लागेल.