मोती, मोहरा आणि खुर्दा : युद्धसाहित्यातला तरुण शिपाई

गिरगावकर

परवा बऱ्याच वर्षांनी कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये जाणे झाले. सिंध आणि अफगाणिस्तानच्या १८३५ ते १८४३ या काळातल्या मोहिमांत कामी आलेल्या अधिकाऱ्यांची नावे तिथे भिंतीवर आहेत. साध्या शिपायांविषयी लेखात एवढेच म्हटले आहे की ते इतके होते, की त्यांची नावे अशी नोंदवता येत नाहीत. ते वाचताना पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेले सावकारी पत्र आठवले : दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. त्या दोन मोत्यांपैकी एक विश्वासराव, वय अठरा. त्याच वयाची जी इतर मुले १४ जानेवारी १७६१ रोजी पडली, ती खुर्द्यात जमा झाली.

माझे म्हणणे असे की, विसाव्या शतकातल्या युद्धसाहित्याने हा खुर्दा एकेक नाणे उचलून मोजायला घेतला आणि त्याहून मोठे काम त्याने दुसरे केले नाही. रेमार्क यांची १९२९ साली पुस्तकरूपाने आलेली जर्मन कादंबरी, ‘पश्चिम आघाडीवर सारे शांत’ या अर्थाच्या नावाची, अनेकांनी वाचली असेल. तिच्यातला मला सर्वांत भयंकर वाटणारा प्रसंग खंदकातला नाही. वर्गातून थेट आघाडीवर गेलेला पाउल रजेवर घरी येतो, आपल्या खोलीत बसतो आणि कपाटातल्या पुस्तकांकडे पाहत वाट बघतो, की पूर्वीची ती ओढ पुन्हा जागी होईल. ती होत नाही. वडिलांना लढाईच्या गोष्टी ऐकायच्या असतात, गावातली मोठी माणसे कोणता मुलूख घ्यावा याची चर्चा करीत असतात, आणि पाउलला वाटते की आपण रजेवर यायलाच नको होते. गोळी न लागताही मुलगा कसा संपतो, हे इतक्या साधेपणाने मी इतरत्र वाचलेले नाही.

आपल्याकडे काय आहे? आपला पोवाडा शौर्य गातो, पण त्या तरुण शिपायाच्या मनात काय मोडले, याची नोंद तो घेत नाही. नेसरीच्या खिंडीत १६७४ साली दौडलेल्या सातांवरची कुसुमाग्रजांची कविता आपल्या सर्वांना तोंडपाठ असते, पण प्रतापराव वगळता उरलेल्या सहांची नावे किती जणांना सांगता येतील? आणि शेवटच्या अर्ध्या कोसात त्यांतल्या सर्वांत लहानाच्या मनात काय चालले होते, हे आपण कधी विचारले आहे का?

शिवडीकर

आपला मुद्दा आकर्षक आहे, म्हणूनच मला तो संशयास्पद वाटतो. रेमार्क स्वतः १९१७ च्या जूनमध्ये आघाडीवर गेले आणि ३१ जुलैला जखमी होऊन परतले. त्याच जर्मन सैन्यातले अर्न्स्ट युंगर १९१५ पासून १९१८ पर्यंत, मधली इस्पितळे धरून, लढत राहिले, आणि १९२० साली आलेल्या त्यांच्या आठवणींत भीतीबरोबर लढाईची नशाही आहे, अभिमानही आहे. पण ‘खरा’ शिपाई म्हणून आपण नेहमी पाउललाच पुढे करतो, कारण ज्याने कधी बंदूक हातात धरली नाही अशा दादर-पार्ल्याच्या वाचकाला मोडलेला शिपाई सोयीचा असतो. त्याची कीव करता येते. ज्याला लढणे आवडले त्याचे काय करायचे, हे आपल्याला कळत नाही.

माझे चुलते मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९७१ ची लढाई त्यांनी विशीत पाहिली. भावनिक पडझड वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. ते बोलत ते जेवणाविषयी, बुटांविषयी आणि घरी मनिऑर्डर वेळेवर पोहोचण्याविषयी. भरती ही त्यांच्या लेखी नोकरी होती, आणि चांगली नोकरी होती. आता तुम्ही म्हणाल की हे दडपलेले दुःख आहे. म्हणजे शिपाई बोलला तरी घायाळ आणि गप्प राहिला तरी घायाळ; मग तो धडधाकट आहे हे त्याने सिद्ध तरी कसे करावे? पोवाड्याविषयी एवढेच, की तो उद्या लढायला जाणाऱ्यांसमोर म्हटला जाई. त्याच्याकडून वैद्यकीय अहवालाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

माहीम कॉजवे

शिवडीकर, बुटांचा उल्लेख तुम्ही दुःखाच्या विरुद्ध बाजूला मांडलात, पण गिरगावकरांनी सांगितलेल्या त्याच कादंबरीत बुटांनीच सगळे सांगितले आहे. केमेरिख इस्पितळात मरत असतो, त्याचा पाय कापलेला असतो, आणि म्युलर त्याचे चांगले बूट मागतो. म्युलर दुष्ट नसतो. बूट वाया जाऊ नयेत एवढेच त्याला कळत असते. पुढे म्युलर मरतो आणि ते बूट पाउलकडे येतात. मैत्रीचा एकही शब्द न उच्चारता तीन मुलांची गोष्ट पुरी होते. जेवण, बूट आणि मनिऑर्डर ही त्या वयाच्या मुलाची भाषाच असते.

दुसरे असे की, गप्प राहण्याला कधीकधी साधे कारण असते. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रे तपासली जात, आणि अनेकांना लिहिता येत नसल्याने ती दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागत. दोन परक्या माणसांच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या कागदावर कोण मन मोकळे करील? म्हणून कुणी देशी शिपायांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणून कळवले, कुणी हे युद्ध महाभारतातल्यासारखे आहे एवढेच सांगितले. सावकाराच्या मोती-खुर्द्याची आणि शिपायाच्या मिरीची जात एकच आहे, हे मला हा धागा वाचताना प्रथमच जाणवले.

दुखण्याला नावही उशिरा मिळते. ‘शेल शॉक’, म्हणजे तोफगोळ्यांच्या माऱ्यात शिपायाचे मन ढासळणे, हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात १९१५ साली आला, तरी ब्रिटिश सैन्याने पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली ज्या ३०६ जणांना गोळ्या घातल्या, त्यांना माफी मिळायला २००६ साल उजाडले.

तळ्यात मळ्यात

मला दोन्ही बाजूंची एकच अडचण दिसते : ही नाणी मोजण्याचा अधिकार लेखकाला कुणी दिला? अफगाणिस्तानातून जस्ताच्या शवपेट्यांतून परतलेल्या सोव्हिएत मुलांवर स्वेतलाना अलेक्सियेविच यांनी पुस्तक लिहिले, ते परतलेल्या सैनिकांच्या आणि आयांच्या तोंडच्या कथनांवर उभे आहे. त्यांतल्याच काहींनी पुढे मिन्स्कमध्ये त्यांच्यावर खटला भरला, कारण पुस्तकातला मुलगा त्यांना आपला वाटेना. लेखिकेला २०१५ साली नोबेल मिळाले, आणि ते योग्यच झाले असे मी मानते. तरीही ज्या आईकडे मुलाचा फोटो आणि तो वीर होता हे एक वाक्य एवढेच उरले आहे, तिच्याकडून ते वाक्य काढून घेताना आपण साहित्याची सेवा करतो आहोत असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. तिच्या घरी पोवाडाच हवा असतो.

शिवडीकर

माहीम कॉजवे, बुटांचे मान्य. मिरीचे मान्य नाही. त्या पत्रांतला संकेत मन उघडे करण्यासाठी नव्हता. आमची माणसे संपत आली आहेत, हे गावाला कळावे यासाठी होता. तो हिशेब आहे, विलाप नव्हे, आणि सावकाराचे पत्रही हिशेबच आहे. शिपाई हिशेब लिहितो आणि विलाप आपण त्यात नंतर वाचतो.

गिरगावकर

पोवाड्याविषयी मी घाईने लिहिले, ते मागे घेतो. मात्र हिशेब आणि विलाप यांची अशी फारकत मला पटत नाही, कारण गणती नाही असे लिहिणाऱ्या सावकाराचाही हात तिथे अडखळला असेल असे मला वाटते. शिवडीकर, एक विचारू का? चुलते बुटांविषयी नेमके काय सांगत?

शिवडीकर

ते बूट त्यांचे नव्हते, एवढेच मला आठवते. कुणाचे, हे मी तेव्हा विचारले नाही. चुलतभाऊ कळव्याला असतो, रविवारी त्याच्याकडे जाणार आहे. विचारून लिहितो.