मदत हवी आहे: हवामान मॉडेलचं डाउनस्केलिंग (मोठ्या चौकटीचे अंदाज लहान भागावर उतरवणं) तालुक्यासाठी करायला कुठे शिकता येईल?

नमस्कार मंडळी,

सातारा जिल्ह्यात माण-खटावकडे पाणलोटाचं काम करणाऱ्या एका संस्थेत मी आहे. २०५० च्या सुमारास इथला पाऊस कसा असेल, हे गावांच्या पाणी आराखड्यात धरायचं आहे. सीएमआयपी-६ या जगभरच्या हवामान मॉडेलांच्या एकत्रित प्रकल्पातल्या बहुतेक जागतिक मॉडेलांची एक चौकट शंभर-दोनशे किलोमीटरची. तेवढ्यात महाबळेश्वरही येतं आणि दहिवडीही. तिकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, इकडे जेमतेम पाचशेच्या आसपास. त्यांची सरासरी काढून दोन्हीकडच्या शेतकऱ्याला काय सांगायचं?

पायथन येतं. हवामान खात्याची पाव अंशाची रोजच्या पावसाची ग्रिड घेऊन क्वांटाइल मॅपिंग केलं, म्हणजे मॉडेलच्या कमी-जास्त पावसाचं वितरण प्रत्यक्ष नोंदींच्या वितरणाशी जुळवलं. महिन्याची बेरीज छान जुळते, पावसातले खंड, म्हणजे सलग कोरडे दिवस, मात्र जुळत नाहीत. मॉडेल फार दिवस थोडी थोडी रिमझिम पाडतं. ठरावीक मिलिमीटरखालचा पाऊस शून्य धरला की पावसाच्या दिवसांची संख्या ताळ्यावर येते. पण कोरडे दिवस सलग किती, हा क्रम मॉडेलचाच राहतो, मॅपिंग त्याला हात लावत नाही. आणि बाजरीचं सगळं त्यावरच! जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे ओढ दिली, तर सप्टेंबरात बेरीज भरून काय उपयोग?

म्हणून जाणकारांना विचारतो: खंडांसाठी वेदर जनरेटर (नोंदींच्या आकडेवारीवरून रोजचं कृत्रिम हवामान तयार करणारा प्रोग्राम) बरा, की जुन्या नोंदींतले तसेच दिवस शोधणारी अॅनालॉग पद्धत? ८५० हेक्टोपास्कलचे (साधारण दीड किलोमीटर उंचीवरचे) वारे आणि आर्द्रता ईआरए-५ मधून (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून तयार केलेल्या मागच्या हवामानाच्या जागतिक डेटामधून) घेऊन पावसाशी नातं बसवलं, तर ते घाटाच्या पूर्वेला टिकतं का? आणि आज बसवलेलं नातं २०५० मध्येही तसंच राहील, हे गृहीतक तपासायचं कसं? कोरडी वर्षं वेगळी ठेवून पडताळणी केली तर पुरे का?

महावेधची (राज्यातल्या स्वयंचलित हवामान केंद्रांची) मंडळनिहाय नोंद आहे, पण ती मोजक्याच वर्षांची. तीस वर्षांच्या कॅलिब्रेशनला (पद्धत नोंदींवर बसवायला) पुरणारी नाही. पडताळणीला वापरावी का?

नुसती व्याख्यानं नकोत, आपलाच डेटा घेऊन सोबत बसून करून घेणारं प्रशिक्षण हवंय. पुण्यात आयआयटीएममध्ये (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत) किंवा एखाद्या कृषी विद्यापीठात असं कुणी केलं असेल, तर अनुभव जरूर लिहा. मे महिन्यात आठवडाभर येऊन राहीन. सोबत दोन सहकारीही येतील, त्यांना मराठीतून शिकवलेलं जास्त सोपं जाईल.