मदत हवी आहे : मोटर चालू केली की सर्व्हो थरथरतात

मंडळी, फोमचं, रिमोटवर उडणारं ट्रेनर (शिकाऊ) विमान बांधलंय, अजून उडवलेलं नाही. 2.4 गिगाहर्ट्झचा सहा चॅनेलचा रेडिओ, 9 ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट), 3 सेलची 2200 एमएएचची लिपो बॅटरी. विमानातल्या रिसिव्हरला वीज ईएससीच्याच बीईसीतून (बॅटरीचा व्होल्टेज उतरवून देणारा भाग) जाते. 5 व्होल्ट, 2 अँपिअर, लिनियर (जादा व्होल्टेज उष्णता म्हणून घालवणारा).

रेडिओ रेंज टेस्ट मोडवर (सिग्नल मुद्दाम कमी करून) ठेवून तीस पावलं चाललो. मोटर बंद असताना सगळं ठणठणीत. थ्रॉटल अर्ध्याच्या वर गेला की एलेव्हेटर (शेपटीची वर-खाली हलणारी पट्टी) थरथरायला लागतो. प्रॉपेलर काढला तर थरथर नाही, म्हणजे लोड आल्यावरच होतंय. (प्रॉपेलर लावून बघताना शेपटी जड बाकाला दोरीनं बांधलेली होती आणि मी मागं उभा होतो, काळजी नसावी.)

करून झालेलं : ट्रान्समीटर-रिसिव्हर पुन्हा बाइंड केले (जोडी जुळवली), ट्रान्समीटरचे सेल नवीन, अँटेनाची दोन टोकं काटकोनात आणि ईएससीपासून लांब. फेलसेफला (सिग्नल तुटला की) थ्रॉटल शून्य होतो, ट्रान्समीटर बंद करून तपासलंय. बीईसीचा व्होल्टेज मल्टिमीटर 4.9 दाखवतो, पण क्षणभराची घट त्याच्यात काय दिसणार! बीईसी मात्र दोन मिनिटांत बोट ठेववत नाही इतका तापतो.

कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आहे म्हणून शहराजवळ उडवणार नाही, पन्हाळ्याच्या बाजूचा माळ बघितलाय. तिथं गुरं असतात, त्यामुळं खात्री झाल्याशिवाय हातातून सोडायचं नाही.

वेगळा 3 अँपिअरचा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी) घ्यायचा विचार आहे. तो लावताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढायचीच का? आणि एवढ्यानं थरथर थांबेल, की दोष रेडिओतच शोधू?