मदत हवी आहे : गुरू न करता आतल्या देवाकडे कसं वळायचं?

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, वय 46. आई गेल्यावर दोन वर्षं एका बैठकीला जात होते. तिथे दर महिन्याला देणगी, आणि प्रश्न विचारला की "तुमची श्रद्धा कमी पडते" हे एकच उत्तर. शेवटी सोडलं. देव मात्र सुटला नाही.

आता पहाटे साडेपाचला अंबाझरीच्या काठावर जाऊन बसते. पाणी अजून काळंच असतं, टिटवी ओरडत जाते. श्वासाकडे लक्ष देते. एखाद्या दिवशी छातीत असं काही भरून येतं की उठावंसंच वाटत नाही. आणि मग आठ-आठ दिवस काहीच नाही, नुसती भाजीची यादी डोक्यात.

गाडगेबाबांनी कुणाला शिष्य केलं नाही, हे मला फार धीर देतं. शेजारच्या काकू दरवर्षी दीक्षाभूमीला जातात, त्या म्हणाल्या, "अत्त दीप भव, बाई. स्वतःच दिवा हो." पटलं. पण वात कशी सारायची, ते कळत नाही.

कुणा गुरूशिवाय, संस्थेशिवाय ही वाट चालणारं कुणी आहे का इथे? कोरडे दिवस कसे काढता? जे जाणवतं ते खरं की मनाचे खेळ, हे कशावरून ओळखता? आणि बसल्यावर कधी कधी एकदम भीती वाटते, तेव्हा उठावं की बसून राहावं? कृपया शिबिरांचे पत्ते नकोत, स्वतःचा अनुभव सांगा.