आईच्या जिभेची आग होते, रिपोर्ट सगळे नॉर्मल. कृपया मदत करा

जुई_नाशिक: सात महिने झाले. जिभेचं टोक आणि दोन्ही कडा गरम चहाने पोळल्यासारख्या जळतात. फोड नाही, लाली नाही. तीन डॉक्टर झाले. शेवटचे तिच्या तोंडावर म्हणाले, "मनाचं आहे, मन रमवा." घरी येऊन रडली ती. नसांत बिघाड असतो असं वाचलं, खरं का? औषध सांगा, लवकर.

कोकणकडा: वय? शुगर? कवळी आहे का? आणि "सगळे रिपोर्ट" म्हणजे नक्की कोणते?

अनुराधाताई: उष्णता आहे हो ती. ज्येष्ठमध चघळायला द्या, रात्री जिभेला साजूक तूप. माझ्या सासूबाईंचं आठ दिवसांत थांबलं.

कोकणकडा: ताई, सासूबाईंचं तोंड आलं असेल. इथे तोंड आलेलंच नाही. सात महिने कसली उष्णता?

अनुराधाताई: तुपाने नुकसान तर होत नाही ना!

विनू७१: सुपारी बंद करा आधी. सुपारीने तोंड उघडेनासं होतं, तिखट सोसत नाही.

जुई_नाशिक: आई सुपारीला हातही लावत नाही! वय ५८. शुगर, थायरॉईड नॉर्मल. कवळी नाही. बी-१२ केलेलं दिसत नाही.

मीनल_के: जेवताना आग कमी होते का? सकाळी बरं आणि संध्याकाळकडे वाढतं, असं आहे का?

जुई_नाशिक: अगदी असंच! डॉक्टर म्हणाले, जेवताना दुखत नाही म्हणजे खरं दुखणं नाही.

मीनल_के: उलट, ती या आजाराची खूणच आहे. मला चार वर्षं आहे. नाव बर्निंग माउथ सिंड्रोम, पाळी गेलेल्या बायकांत जास्त. २००५ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेची बायोप्सी केली, म्हणजे बारीक तुकडा काढून तपासला, तर वरच्या थरातले वेदनेचे बारीक तंतू विरळ झालेले दिसले. जे उरतात ते अतिसंवेदनशील होतात. मिरचीचा तिखटपणा ज्या रिसेप्टरला, म्हणजे नसेवरच्या संवेदना टिपणाऱ्या भागाला कळतो, तो त्यांच्यावर वाढलेला आढळला आहे. म्हणून मिरची न खाताही आग. डोळ्यांनी जीभ निरोगीच दिसणार. शिवाय चवीची नस वेदनेच्या नसेला आवरून धरते असं मानतात. चवीची नस अशक्त झाली की आवर सुटतो, आणि जेवताना चव जागी झाली की थोडा वेळ आराम पडतो. मनाचं नाही हो हे. आईंना नक्की सांगा.

दंतमित्र: ठाण्यात इम्प्लांट करायचं असल्यास सांगा, माझा अनुभव चांगला आहे.

कोकणकडा: इम्प्लांट कोणी विचारलं? जुई, बी-१२, लोह, झिंक राहिलंय. ते कमी असेल तर आग त्यानेही होते. फेसाळ टूथपेस्टही बदलून बघा. आणि बीपीची गोळी?

जुई_नाशिक: हो, एनालाप्रिल. आग सुरू व्हायच्या थोडं आधीच चालू केली होती. त्याचा काय संबंध?

मीनल_के: संबंध असू शकतो. त्या गटातल्या गोळ्यांनी काहींची जीभ जळते, गोळी बदलल्यावर थांबते. पण स्वतःहून बंद करू नका, बीपी चढेल. आधी रक्त तपासा, गोळीचं विचारा. मग न्यूरॉलॉजिस्ट (नसांचे डॉक्टर) किंवा ओरल मेडिसिनवाले (तोंडाच्या आजारांचे डॉक्टर). मला क्लोनाझेपामची गोळी तीन मिनिटं तोंडात धरून थुंकायला दिली होती, निम्मी आग गेली. तिची सवय लागते, चिठ्ठीशिवाय नको.

जुई_नाशिक: उद्या सकाळी रक्त देतोय. आईला तुमचा प्रतिसाद दोनदा वाचून दाखवला.

सुलभा_पुणे: माझ्या बहिणीलाही आग होते, वर तोंडात धातूसारखी चव. तेही यातलंच का?