प्रायमरीला दोष देण्याआधी
"अँटिबॉडीने प्रथिन रंगवताना उंदराच्या यकृताचा अख्खा काप तपकिरी झाला, प्रायमरी (प्रथिनाला चिकटणारी पहिली अँटिबॉडी) खराब असावी," असं तुम्ही म्हणता. मला नाही वाटत. इथे बेळगावात माझाही काप असाच कुंद्याच्या रंगाचा निघाला होता. सर बघून नुसते हसले! प्रायमरी उंदरात बनवलेली असेल, तर अँटी-माऊस सेकंडरी (उंदराच्या अँटिबॉडीला पकडून रंग आणणारी दुसरी अँटिबॉडी) ऊतीत मुळातच असलेल्या आयजीजीलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही, चिकटते. सशाची प्रायमरी आणि अँटी-रॅबिट सेकंडरी घ्या. एक काप प्रायमरीविना ठेवा. तोही रंगला तर दोष सेकंडरीचा, नाहीतर ऊतीतल्या पेरॉक्सिडेजचा, म्हणजे रंग उमटवणाऱ्या एन्झाइमचा. या पेरॉक्सिडेजवर उपाय: ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, १० मिनिटं. आणि डॅबच्या (त्या तपकिरी रंगाच्या) गडदपणावरून प्रथिन मोजू नका, तो प्रमाणात वाढत नाही. मोजायचंच तर फ्लुरोसंट सेकंडरी बरी, तीही सगळे काप एकाच एक्स्पोजरला ठेवून.